पहाऱ्यावरचे व्याकरण : विल्यम कॉबेट (१७६३–१८३५)

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांचे जणू पीकच आले. व्याकरण शिकणे म्हणजे लॅटिनचे व्याकरण शिकणे, ही तोवरची समजूत मागे पडत होती. मातृभाषाही नियमांनी बांधलेली असते आणि म्हणून ती चुकीची लिहिता येते, ही जाणीव सुशिक्षितांत बळावत चालली होती. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ याने प्रसिद्ध केलेले इंग्रजी व्याकरणाचे छोटेखानी पुस्तक हे या लाटेतील सर्वांत प्रभावी पुस्तकांपैकी एक होय. लाउथ हा ऑक्सफर्ड विद्यापीठात काव्याचा प्राध्यापक राहिलेला, हिब्रू काव्याचा मर्मज्ञ आणि पुढे लंडनचा बिशप झालेला धर्मपंडित. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याही वाक्यरचनेतील दोष त्याने तळटीपांतून दाखवून दिले. १७९५ मध्ये निघालेले लिंडले मरे याचे व्याकरण बऱ्याच अंशी लाउथच्याच पायावर उभे आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील शाळांतून मरेचेच राज्य होते. ही पुस्तके लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुस्थित घरांतील मुले होती. त्यांपैकी लाउथचे पुस्तक बराकीतल्या एका अर्धशिक्षित शिपायाच्या हाती पडले आणि त्याने त्याचे काय केले, हा विल्यम कॉबेटच्या चरित्राचा गाभा आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांतून कॉबेट भेटतो तो बहुधा ‘रूरल राइड्स’चा कर्ता म्हणून किंवा झुंजार पत्रकार म्हणून. व्याकरणकार कॉबेट मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो, आणि ते न्याय्य नाही.

कॉबेटचा जन्म ९ मार्च १७६३ रोजी सरे परगण्यातील फार्नहॅम या गावी झाला. आजोबा रोजंदारीवर राबणारे शेतमजूर होते. वडील छोटे शेतकरी, खाणावळवजा गुत्ता चालविणारे आणि स्वतःच्या प्रयत्नाने जमीनमोजणी शिकलेले गृहस्थ. मुलांना लिहायला-वाचायला आणि थोडा हिशेब त्यांनीच हिवाळ्याच्या संध्याकाळी शिकविला. शाळा म्हणावी अशी शाळा कॉबेटच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. पेरलेल्या शेतावरची पाखरे हाकणे हे त्याचे पहिले काम. अकराव्या वर्षी राजाच्या बागेत काम मिळविण्यासाठी तो पायी क्यू येथे निघाला. वाटेत रिचमंडला एका दुकानाच्या खिडकीत त्याला स्विफ्टचे ‘अ टेल ऑफ अ टब’ दिसले. किंमत तीन पेन्स होती आणि खिशातही तेवढेच उरले होते. त्याने रात्रीचे जेवण सोडून पुस्तक घेतले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला उजेड असेपर्यंत वाचत बसला. पुस्तकाचा अर्थ त्या वयात त्याला कितपत कळला असेल हा प्रश्न वेगळा. परंतु गद्य कसे चालावे याचा संस्कार त्या दिवशी झाला, असे त्याला पुढे नेहमी वाटत राहिले. ते पुस्तक त्याने अमेरिका खंडापर्यंत सोबत नेले आणि तेथे फंडीच्या उपसागरात पेटी पाण्यात पडून ते बुडाले.

१७८३ मध्ये लंडनला पळून जाऊन काही महिने एका वकिलाकडे नकलनविशी केल्यावर १७८४ मध्ये तो सैन्यात भरती झाला. चॅटम येथील छावणीत रोजची कवायत आणि सहा पेन्सांचा रोज. अक्षर चांगले म्हणून छावणीप्रमुख कर्नल डेबीग यांच्या पत्रांच्या स्वच्छ प्रती करण्याचे काम त्याच्याकडे आले. येथे एक मार्मिक गोष्ट घडली. मूळ मजकूर समोर असूनही प्रतींत चुका होऊ लागल्या. नक्कल करणाऱ्याला वाक्याची घडण कळत नसेल तर नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर शुद्ध नक्कल होत नाही, हे कॉबेटला तेव्हा उमगले. कर्नलने व्याकरण शिकण्याचा सल्ला दिला, बढतीची आशा दाखविली आणि कॉबेटने लाउथचे व्याकरण मिळविले.

पुढच्या अभ्यासाची हकीकत कॉबेटने दोन वेळा विस्ताराने सांगितली आहे. पहिली १७९६ च्या आत्मकथनपर पुस्तिकेत आणि दुसरी ‘अ‍ॅडव्हाइस टू यंग मेन’ (१८२९–३०) या ग्रंथात. दोन्ही ठिकाणी सांगणारा स्वतःला घडविलेल्या माणसाचा नमुना म्हणून उभा आहे हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागते. तरीही तपशील इतके ठोस आणि इतके घरगुती आहेत की त्यांवर अविश्वास दाखविण्यास सबळ कारण दिसत नाही. बराकीतल्या बिछान्याची कड ही बसण्याची जागा, पाठीवरची पिशवी हे पुस्तकांचे कपाट आणि मांडीवर घेतलेली फळी हे मेज. मेणबत्ती परवडत नसे. हिवाळ्यात शेकोटीचा उजेड मिळे, आणि तोही पाळी येईल तेव्हा. भोवती दहाबारा शिपायांची गाणी, भांडणे आणि शिव्या चालूच. कागद किंवा लेखणी घ्यायची तर त्या दिवशीच्या अन्नातला काही भाग सोडावा लागे. एका शुक्रवारी सारा खर्च भागवून अर्धा पेनी शिल्लक राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा खारवलेला हेरिंग मासा घ्यायचा, असा बेत होता. रात्री कपडे काढताना तो अर्धा पेनी हरवल्याचे कळले आणि एकवीस-बावीस वर्षांचा हा धिप्पाड शिपाई पांघरुणात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला.

अशा स्थितीत त्याने लाउथचे संपूर्ण पुस्तक दोन-तीन वेळा हाताने उतरून काढले, आदिपासून अंतापर्यंत मुखोद्गत केले आणि सकाळ-संध्याकाळ त्याची उजळणी करण्याचा नेम धरला. पहाऱ्यावर उभे असताना तर प्रत्येक पाळीला एकदा सगळे पुस्तक मनाशी म्हणून काढावयाचे, अशी शिस्त त्याने स्वतःला लावून घेतली. पाठशाळांतून सूत्रे घोकणाऱ्यांच्या देशात या पद्धतीचे नवल वाटू नये. फरक इतकाच, की येथे गुरू नव्हता, सहाध्यायी नव्हते आणि एका बिशपने सभ्य वाचकांसाठी रचलेले पुस्तक हातात बंदूक घेतलेला एक शेतकऱ्याचा पोरगा गिळत होता.

या विद्येचे फळ लगेच मिळाले. १७८५ मध्ये त्याची पलटण न्यू ब्रन्सविक या वसाहतीत गेली. तेथे अहवाल, हजेऱ्या, पत्रव्यवहार हे सारे त्याच्याच हातून होऊ लागले. अधिकारी सही करीत, मजकूर कॉबेटचा असे. कितीतरी सार्जंटांना मागे टाकून तो सार्जंट-मेजर झाला. आपल्याहून वरच्या दर्जाच्या, जन्माने सभ्य समजल्या जाणाऱ्या माणसांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, हे त्याने सहा वर्षे रोज पाहिले. त्याच्या पुढील आयुष्यातील निर्भयतेचे मूळ या अनुभवात शोधावे लागते. कागदपत्रे हाताखालून जात असल्यामुळे शिपायांच्या पैशांत अधिकारी करीत असलेला अपहारही त्याला दिसला. १७९१ च्या अखेरीस सैन्यातून सुटका होताच त्याने त्या अधिकाऱ्यांवर आरोप दाखल केले. परंतु १७९२ च्या मार्चमध्ये चौकशी सुरू होण्याच्या वेळी, डाव आपल्यावरच उलटविला जात असल्याची चाहूल लागून, तो नवपरिणीत पत्नीसह फ्रान्सला आणि तेथून अमेरिकेस निघून गेला.

अमेरिकेत विल्मिंग्टन आणि नंतर फिलाडेल्फिया येथे त्याने फ्रेंच निर्वासितांना इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय पत्करला. क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून आलेल्या या मंडळींना इंग्रजी तातडीने हवे होते आणि उपयोगी पुस्तक मिळत नव्हते. तेव्हा कॉबेटने स्वतःच फ्रेंच भाषेत इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे फ्रान्समध्येही बराच काळ चालले. तालेराँ आपल्याकडे इंग्रजी शिकण्यासाठी आला होता आणि हेर असल्याच्या संशयावरून आपण त्याला वाटेला लावले, असे कॉबेट सांगतो. ती गोष्ट त्याच्या तोंडी शोभून दिसते एवढे खरे. या काळात ‘पीटर पॉर्क्युपाइन’ या नावाने त्याने क्रांतीच्या व लोकसत्तेच्या पुरस्कर्त्यांवर इतके जहाल लिखाण केले की, १८०० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा सत्ताधाऱ्यांनी त्याचे स्वागतच केले.

त्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांचा राजकीय तपशील अन्यत्र विपुल आढळतो. १८०२ मध्ये त्याने ‘पोलिटिकल रजिस्टर’ हे साप्ताहिक काढले, आणि राजनिष्ठ कॉबेट हळूहळू भ्रष्ट कारभाराचा कडवा टीकाकार बनला. ईली येथे वेतनातील कपातीविरुद्ध आवाज उठविणाऱ्या स्थानिक शिपायांना जर्मन पलटणीच्या पहाऱ्यात फटके मारण्यात आले. त्यावर लिहिल्याबद्दल १८१० मध्ये त्याला दोन वर्षांचा तुरुंगवास आणि हजार पौंड दंड झाला. न्यूगेटच्या तुरुंगात असताना घरून दर आठवड्याला एक करंडी येई. तीत खाण्याच्या वस्तूंबरोबर मुलांनी लिहिलेली पत्रे आणि शेतावरील कामांची दैनंदिनी असे. कॉबेट प्रत्येकाला उत्तर लिही. त्याच्या मुलांचे लेखन या पत्रव्यवहारातून घडले, त्यासाठी वेगळा धडा घालून दिलेला नव्हता. पुढील व्याकरण पत्ररूप का झाले, याचा उलगडा या करंडीत आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१८१६ च्या नोव्हेंबरात त्याने ‘रजिस्टर’ची दोन पेन्सांची स्वस्त आवृत्ती काढली. वृत्तपत्रांवरील मुद्रांक करामुळे एरवी शिलिंगाहून अधिक किमतीला मिळणारा मजकूर आता कारागीर आणि मजूर यांच्या हाती पडू लागला आणि खप हजारोंच्या पटीत वाढला. याच हिवाळ्यात मतदानाच्या हक्कासाठी गावोगावच्या सामान्य लोकांनी पार्लमेंटकडे विनंतिअर्ज पाठविले. त्यांपैकी कित्येक अर्ज सभागृहाने स्वीकारलेच नाहीत. ते छापील आहेत किंवा त्यांची भाषा सभागृहाच्या इभ्रतीला धरून नाही, ही कारणे पुढे करण्यात आली. मागणीचा विचार करण्यापूर्वीच ती कोणत्या भाषेत केली आहे यावरून ती दारातून परत पाठविता येते, हे कॉबेटने पाहिले. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याला नीट विचारही करता येत नाही आणि म्हणून राज्यकारभारावर बोलण्याचा त्याला अधिकार नाही, हा त्या काळच्या सुशिक्षितांचा अबोल सिद्धान्त होता. १८१७ च्या मार्चमध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा तहकूब झाला. पुन्हा तुरुंग टाळण्यासाठी कॉबेटने अमेरिका गाठली आणि लाँग आयलंडवरील एका शेतावर राहून त्याने सामान्य माणसासाठी इंग्रजीचे व्याकरण लिहावयास घेतले.

‘अ ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हे पुस्तक १८१८ मध्ये न्यूयॉर्कला आणि १८१९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. ते चौदा वर्षांच्या जेम्स पॉल या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. मुखपृष्ठावरच ते शाळांसाठी आणि तरुणांसाठी, विशेषतः शिपाई, खलाशी, उमेदवारीवर असलेले कारागीर आणि नांगर धरणारी पोरे यांच्यासाठी असल्याचे जाहीर केले आहे. व्याकरणाच्या पुस्तकाने आपला वाचक असा समाजाच्या तळातून निवडावा, ही गोष्ट नवी होती. शिकविण्याची रीतही लेखकाच्या बराकीतल्या अनुभवावर बेतलेली आहे. एक पत्र पुरते कळल्याखेरीज दुसऱ्याला हात घालायचा नाही, नियम पाठ करण्यापूर्वी त्याचे कारण समजून घ्यायचे आणि प्रत्येक नियमासरशी चुकीचे वाक्य पाहून ते का चुकले ते शोधायचे. लिहिण्याविषयीचा त्याचा उपदेश आजच्या लेखनशिक्षकांनाही विचारात घेण्याजोगा आहे. काय म्हणायचे ते आधी मनाशी ठरलेले असावे, पहिल्याप्रथम सुचलेला शब्द बहुधा योग्य असतो आणि तो सजविण्याच्या नादात लिहिणारा अर्थ हरवून बसतो, असा त्याचा एकूण रोख आहे.

या व्याकरणाची खरी चव मात्र त्याच्या उदाहरणांत आहे. वाक्यदोषांचे नमुने त्याने नवशिक्यांच्या वह्यांतून घेतले नाहीत. डॉ. जॉन्सनचा ‘रॅम्ब्लर’ आणि वॉट्सचे तर्कशास्त्र या सर्वमान्य ग्रंथांतून त्याने दोषांची यादीच काढली. राजाच्या भाषणांतील वाक्ये सुटी करून त्यांतून एकतर भलताच अर्थ निघतो किंवा अर्थच निघत नाही, हे दाखविले. समुदायवाचक नामांची उदाहरणे देताना पार्लमेंट आणि वरिष्ठ न्यायालय यांना त्याने चोरांच्या पंगतीला नेऊन बसविले. १८२३ च्या आवृत्तीत तर राजकारणधुरंधरांना अशुद्ध लिहिण्यापासून वाचविण्याच्या मिषाने सहा धडे जोडले. त्यांत परराष्ट्रमंत्री कॅसलरे, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मार्क्विस वेलस्ली आणि एक बिशप यांचे लेखन वाक्यावाक्याने तपासलेले आहे. वेलस्ली बंधूंची नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. थोरला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असताना धाकट्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. त्या विजेत्याच्या खलित्यांतील सर्वनामे कोणत्या नामाची हेच कळत नाही, असे एका माजी सार्जंट-मेजरने नांगऱ्या पोरांना शिकवावे, यातला आनंद कॉबेटने लपविलेला नाही. पुस्तकाची १८२० ची आवृत्ती त्याने राणी कॅरोलाइनला अर्पण केली. राजा तिला घटस्फोट देऊ पाहत असता लोकमत तिच्या बाजूचे होते, तेव्हा अर्पणपत्रिकाही राजकीयच होती.

येथे एका विसंगतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. कॉबेटने व्याकरणाच्या अधिकाऱ्यांना आव्हान दिले. व्याकरणाच्या अधिकाराला दिले नाही. लाउथचे नियम त्याने जवळपास जसेच्या तसे पत्करले. फार्नहॅमच्या शेतमजुरांची बोली हीदेखील नियमबद्ध भाषा आहे आणि तिला अशुद्ध म्हणण्यामागे सत्तेचा हात आहे, असा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. त्याला हत्यार हवे होते. ते ज्यांच्या भात्यात होते त्यांच्याकडूनच त्याने घेतले आणि त्यांच्यावरच रोखले. १८०७ मध्ये त्याने ग्रीक-लॅटिनच्या अध्ययनाची निरुपयोगिता सिद्ध करण्यासाठी विद्वानांशी वाद घातला, तोही याच भूमिकेवरून. अभिजात भाषांचे कुंपण त्याला मोडावयाचे होते, पण शुद्ध इंग्रजीचे कुंपण सर्वांनी ओलांडून आत यावे अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय ज्या सर्वांचा कैवार त्याने घेतला त्यांत सर्वच येत नव्हते. ज्यू आणि कृष्णवर्णीय यांच्याविषयी त्याने लिहिलेले कितीतरी मजकूर निखळ द्वेषाचे आहेत आणि गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या विल्बरफोर्सची त्याने सतत टवाळी केली.

मराठीतील शुद्धाशुद्धतेच्या वादाशी ही कहाणी ताडून पाहणे बोधप्रद ठरते. कॉबेटच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणग्रंथांच्या वळणावर आहे. म्हणजे लाउथ आणि मरे यांनी पाडलेले वळण त्या वाटेने मराठीपर्यंत पोचले. पुढे निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तेव्हा फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोषांवर त्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतले. लिहिणाऱ्याच्या अशुद्धतेवरून त्याचे म्हणणे निकालात काढण्याची ही रीत १८१७ च्या सभागृहापेक्षा फारशी निराळी नव्हती. फुल्यांनी मात्र कॉबेटचा मार्ग धरला नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मधील गद्य शास्त्रीबुवांच्या पसंतीसाठी बदललेले नाही, रोजच्या बोलीचा जोम त्यात तसाच आहे. थॉमस पेन हा फुल्यांच्या वाचनातला महत्त्वाचा लेखक, हे सर्वश्रुतच आहे. पूर्वायुष्यात पेनवर विखारी टीका करणाऱ्या कॉबेटने १८१९ मध्ये अमेरिका सोडताना प्रायश्चित्त म्हणून पेनच्या अस्थी उकरून इंग्लंडला नेल्या होत्या. त्यांचे स्मारक करण्याचा त्याचा संकल्प सिद्धीस गेला नाही आणि त्या अस्थीही पुढे परागंदा झाल्या.

उत्तरायुष्यात कॉबेटने १८२४ मध्ये फ्रेंच व्याकरण आणि १८३१ मध्ये वर्णलेखनाचे पुस्तक लिहिले. इंग्रजी व्याकरण मात्र त्याच्या हयातीत आणि नंतरही पुनःपुन्हा छापले गेले. १९८३ मध्ये पहिली आवृत्ती व १८१९, १८२० आणि १८२३ मधील भर एकत्र करून त्याचे चिकित्सक संपादनही झाले. १८३१ मध्ये राजद्रोही लेखनाच्या खटल्यातून तो सुटला आणि १८३२ च्या निवडणुकीत ओल्डहॅममधून पार्लमेंटवर निवडून आला. ज्या सभागृहाने भाषेचे निमित्त करून अर्ज परतविले त्याच सभागृहात तो आता बसत होता. तेथे १८३३ मध्ये गरिबांच्या शाळांसाठी सरकारी अनुदानाचा प्रस्ताव आला असता त्याने विरोध केला. सरकारी पैशाने शाळामास्तरांचा वर्ग वाढेल आणि शिक्षण ताबेदारीचे होईल, अशी त्याची धारणा होती. पहाऱ्यावर उभे राहून शिकलेल्या माणसाला शाळेची गरज पटली नाही. ज्यांच्या अंगी त्याची जिद्द नव्हती त्या लाखो मुलांचा विचार त्याने केला नाही, हा त्याच्या आत्मशिक्षणाने दिलेला आंधळेपणा म्हणावा लागेल.

१८३४ च्या नव्या दारिद्र्य-कायद्याविरुद्ध तो शेवटपर्यंत बोलत राहिला. रात्रीच्या लांबलेल्या बैठकांनी प्रकृती खालावली, घसा बसला, तरी ‘रजिस्टर’चे अंक निघतच होते. १८३५ च्या जूनमध्ये तो सरे परगण्यातील नॉर्मंडी येथील आपल्या शेतावर अंथरुणाला खिळला. मृत्यूच्या आदल्या दिवशी पिके पाहण्याचा त्याने हट्ट धरला, तेव्हा घरच्यांनी त्याला उचलून शेतावरून फिरवून आणले. दुसऱ्या दिवशी, १८ जून रोजी, त्याचे निधन झाले. फार्नहॅमच्या चर्चच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले.